हॅलो, माइक टेस्टिंग

गोंगाटाला संगीताचा दर्जा मिळवून देण्याचे श्रेय पाश्चात्त्य संगीताचे इतिहासकार लुईजी रुसोलो या इटालियन चित्रकाराला देतात. रुसोलोने १९१३ मध्ये ‘गोंगाटाची कला’ असा जाहीरनामा काढला, घरघर, फुसफुस आणि कडकडाट असे आवाज काढणारी, तोंडाला कर्णे लावलेली लाकडी खोकी तयार केली आणि २१ एप्रिल १९१४ रोजी मिलानच्या एका नाट्यगृहात त्यांची मैफल लावली, तेव्हा श्रोते आणि कलावंत हातघाईवर आले. हा इतिहास खोटा नाही, पण अपुरा आहे. कारण तो लिहिणाऱ्यांपैकी कोणीही डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास अमरावती किंवा अकोला जिल्ह्यातल्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला, डाव्या बॉक्सच्या ऐन पुढ्यात टाकलेल्या खुर्चीवर, ईशस्तवनापासून आभारप्रदर्शनापर्यंत बसून राहिलेला नाही. तसा एक जण जरी बसला असता, तरी मिलानच्या श्रोत्यांनी एवढ्याशा आवाजावरून मारामारी का करावी, हा प्रश्न त्याला पडला असता.

प्रायोगिक संगीत कशाला म्हणावे, याविषयी विद्वानांत एकवाक्यता नसली, तरी जॉन केज या अमेरिकन संगीतकाराने लावलेली कसोटी सोपी आहे : ज्या कृतीतून काय निघणार हे आधी ठाऊक नसते, ती कृती प्रायोगिक. या कसोटीला वऱ्हाडातले गॅदरिंग पहिल्याच मिनिटाला उतरते, कारण ईशस्तवनाच्या पेनड्राइव्हमधून ईशस्तवनच निघेल की सातवी ‘अ’चे कोळीनृत्य निघेल, हे पेनड्राइव्ह खोचणाऱ्यालाही सांगता येत नाही, आणि मेणबत्ती हातात धरून ताटकळलेले प्रमुख पाहुणे शेवटी कोळीगीताच्या ठेक्यावर समईच्या पाचही वाती पेटवून मोकळे होतात. हा प्रकार घडला नाही, तर कार्यक्रम सुरू झाल्यासारखा कोणाला वाटत नाही.

वऱ्हाडाला मोठ्या आवाजाचे वावडे कधीच नव्हते. यावलीत जन्मलेल्या आणि मोझरीला गुरुकुंज उभारणाऱ्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी, म्हणजे एका बाजूला कातडे ताणलेले आणि कडेला झांजा बसवलेले हातात मावणारे वाद्य, १९५५ मध्ये थेट जपानपर्यंत जाऊन आली. श्रावणातल्या अखेरच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन राजराजेश्वराला निघालेल्या कावडींबरोबर जे ढोल वाजतात, ते अकोल्यात खिडक्या लावून घेतल्यानेही बाहेर राहत नाहीत. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ मध्ये बर्लिनला, ऑलिम्पिकच्या वेळी, कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके केली, आणि कबड्डी हा खेळ मुक्याने खेळता येत नाही, हे वेगळे सांगायला नको. नव्या चालींची हौसही इथे जुनीच आहे. ज्यांनी वऱ्हाडात वकिली करता करता मराठी विनोदाचा पाया घातला, त्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘वीरतनय’ (१८९६) पासून संगीत नाटकात पारशी रंगभूमीच्या धर्तीच्या चाली आणून जुन्या रसिकांची झोप उडवली होती. असा वारसा असलेल्या प्रदेशातल्या शाळेने आपले गॅदरिंग मंद आवाजात उरकावे, ही अपेक्षाच मुळात गैर ठरते.

कायदा मात्र ती अपेक्षा ठेवून आहे. २००० साली केंद्र सरकारने केलेल्या ध्वनिप्रदूषण नियमांत शाळा, रुग्णालये आणि न्यायालये यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करण्याची तरतूद आहे, आणि अशा क्षेत्रात दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल ही आवाजाची मर्यादा आहे. डेसिबल हे आवाजाची पातळी मोजण्याचे माप असून त्यात दर १० अंकांमागे ध्वनीची तीव्रता दहापट होते; म्हणजे ९० डेसिबलचा बॉक्स हा मर्यादेच्या दुपटीहूनही कमी दिसत असला, तरी तो प्रत्यक्षात दहा हजारपट असतो, हे गणिताच्या सरांना कळते, पण त्या दिवशी गणिताचे सर फेटा बांधून स्वागत समितीत असतात. शाळेच्या फाटकावर ‘शांतता क्षेत्र, हॉर्न वाजवू नये’ अशी निळी पाटी असते आणि भोंग्याच्या वायरीला आधार म्हणून त्याच पाटीचा वरचा खिळा वापरलेला असतो. पाटी वाहनांसाठी आहे, भोंगा शाळेचा स्वतःचा आहे, असा त्यामागचा सरळ विचार आहे. ध्वनिशास्त्राच्या अभ्यासकाने अशा वेळी कानात इथलाच कापूस घालून बसावे. दुखणे आणि औषध एकाच मातीत पिकण्याची सोय सगळ्याच प्रदेशांना लाभत नाही.

मैफलीची सुरुवात नियमाप्रमाणे वाद्य लावण्याने होते. मंडप, खुर्च्या, गाद्या आणि आवाज या चारही गोष्टी भाड्याने देणाऱ्या दुकानाला इकडे बिछायत केंद्र म्हणतात, आणि तिथून आलेला माणूस, ज्याला मुले साउंडवाला भाऊ म्हणतात, दुपारी तीनपासून ‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, वन, टू, थ्री’ हा मंत्र जपत असतो. तीनच्या पुढे तो कधी मोजत नाही, कारण तीनवर नेमकी शिटी सुरू होते.

‘आवाज येऊन राह्यला का गा मांगं?’

‘येऊन राह्यला, पण तुहा नाही. कुईं-कुईं येऊन राह्यलं!’

या कुईंचे शास्त्र असे की, माइकमध्ये शिरलेला आवाज मशीन मोठा करते, बॉक्स तो बाहेर फेकतो, बाहेर फेकलेला आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होतो, आणि ही फेरी इतक्या वेगाने चालते की शेवटी एकच तीक्ष्ण सूर उरतो. स्टीव्ह रीश या अमेरिकन संगीतकाराने १९६८ मध्ये याच शिटीवर एक आख्खी रचना बेतली. तिच्यात माइक दोरीने टांगून बॉक्सवरून झोके देतात, प्रत्येक झोक्याला एक कुईं निघते, माइक स्थिरावले की अखंड शिटी सुरू होते आणि मग वायर उपटून रचना संपवतात. वऱ्हाडात हीच रचना मुख्याध्यापक आपल्या प्रास्ताविकात, माइक हातात घेऊन येरझारा घालत, दरवर्षी सादर करतात. फरक एवढाच की वायर उपटण्याची हिंमत इथे कोणाला होत नाही. शिटीवर तीन उपाय रूढ आहेत. माइकवर बोटाने टकटक करणे, त्यात फू-फू करणे आणि त्याला हातरुमाल बांधणे. पहिल्या दोहोंनी मूळ शिटीत तालवाद्याची आणि सुषिर वाद्याची, म्हणजे फुंकून वाजवायच्या वाद्याची, भर पडते आणि तिसऱ्याने पुढची सगळी भाषणे पडसे झालेल्या माणसाने केल्यासारखी ऐकू येतात.

मशीनला एक इकोचे बटण असते, ज्याने प्रत्येक शब्द विहिरीत पडल्यासारखा पुनःपुन्हा ऐकू येतो, आणि ते बटण पूर्ण फिरवल्याशिवाय भाड्याचे पैसे फिटले असे साउंडवाल्यालाही वाटत नाही आणि शाळेलाही वाटत नाही. ‘आजचे प्रमुख पाहुणे, गटशिक्षणाधिकारी...’ असे सूत्रसंचालिका बाईंनी म्हटले की मैदानभर ‘धिकारी... धिकारी... कारी... री’ असे घुमत राहते, आणि पाहुण्यांना आपला सत्कार चालला आहे की निषेध, याचा अंदाज घेत हसतमुख राहावे लागते. त्यात एक भोंगा लांबच्या कडुनिंबावर बांधलेला असतो. ध्वनी हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, त्यामुळे १०० मीटरवरच्या भोंग्यातला शब्द रंगमंचापाशी जवळजवळ एकतृतीयांश सेकंद उशिरा पोहोचतो, आणि एकच गीत थोडे पुढे-मागे असे दोनदा ऐकू येते. एकच वाक्य दोन टेपयंत्रांवर लावून हळूहळू घसरू देण्याचा प्रयोग याच रीश महाशयांनी १९६५ मध्ये केला होता. दोन्ही गोष्टी पाहता त्यांचे कोणी सोयरे मूर्तिजापुराकडे होते की काय, अशी शंका घेण्यास जागा आहे.

लेझमीचा विषय स्वतंत्र प्रबंधाचा आहे, पण एक तुलना टाळता येत नाही. हंगेरीत शिकून पुढे पश्चिमेकडे गेलेल्या ज्यॉर्ज लिगेटी या संगीतकाराने १९६२ मध्ये १०० मेट्रोनोमांसाठी, म्हणजे ताल मोजून देणाऱ्या चावीच्या १०० लंबकयंत्रांसाठी, एक रचना लिहिली आणि १९६३ मध्ये हॉलंडमधल्या हिल्व्हर्सम गावी, नगराच्या औपचारिक समारंभात, निमंत्रितांसमोर सादर केली. प्रत्येक यंत्र आपापल्या गतीने टकटक करीत राहिले, पाहुणे संतापले आणि दूरचित्रवाणीने ठरलेले प्रक्षेपण रद्द करून त्या जागी फुटबॉलचा सामना दाखवला. वऱ्हाडात १०० मुले १०० लेझमी घेऊन, प्रत्येक जण आपापल्या गतीने, नेमके हेच करतात. क्रीडाशिक्षक शिटी फुंकून सगळ्यांना एका तालावर आणू पाहतात आणि त्यांची शिटी ही एकशे एकावे वाद्य होऊन बसते. पण इथे प्रक्षेपण रद्द होण्याचा प्रश्नच येत नाही, कारण १०० लेझमींच्या मागे २०० पालक मोबाइल उंच धरून उभे असतात, आणि त्यांपैकी प्रत्येकाला उरलेल्या ९९ लेझमी मुळीच ऐकू येत नाहीत. ‘आमचा पिंट्या बरोबर वाजवून राह्यला, बाकीचे चुकून राह्यले,’ हे मत २०० जणांचे असते. लिगेटीने आपल्या मेट्रोनोमांचे आई-बाप बोलावले असते, तर हिल्व्हर्समला वन्स मोअर मिळाला असता.

इथवरचे सगळे संगीत अजाणता घडणारे आहे. ते कोणी जाणूनबुजून सादर केले तर काय होईल, हे तपासण्यासाठी, विवेचनाच्या सोयीकरिता, अमरावती आणि अकोला यांच्या दरम्यान हमरस्त्यापासून थोडे आत एक काल्पनिक शाळा मानावी, आणि तिचा एक माजी विद्यार्थी पुण्याला ध्वनिमुद्रण शिकून, केस वाढवून परत आला आहे असेही मानावे. या तरुणाचा प्रांत नॉइज हा आहे. सूर, ताल आणि शब्द हे तिन्ही कटाक्षाने वगळून जे उरते ते जास्तीत जास्त मोठ्याने ऐकवणे, असे या प्रकाराचे स्थूल वर्णन करता येईल. त्याने गावाजवळच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून रुई आणि सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यात, यंत्रांचे आवाज मुद्रित केले आहेत, ते लॅपटॉपवर कापून, उलटे करून, ताणून बारा मिनिटांची रचना केली आहे आणि तिचे नाव ‘सरकी’ ठेवले आहे. पॅरिसच्या रेडिओवर पिएर शेफेरने १९४८ मध्ये आगगाडीच्या आवाजांचे असेच केले होते, हे तो सांस्कृतिक समितीला समजावून सांगतो. समितीला आगगाडीचे पटते, कारण आगगाडीवर गाणी आहेत.

‘बाबू, गाणं कोन्तं हाये?’ मुख्याध्यापक विचारतात.

‘सर, गाणं नाही. ध्वनी आहे.’

‘म्हणजे ध्वनिचित्रफीत?’

‘नाही सर, नुसता ध्वनी.’

‘मंग नाच कोन करन?’

या प्रश्नाला जगातल्या कोणत्याही नॉइज कलावंताजवळ उत्तर नाही. पण सांस्कृतिक प्रमुख बाईंजवळ असते. ‘सर, पाचवी ‘ब’च्या पोरी मोकळ्या आहेत. शेतकरी नृत्याची साडी आहेच त्यांच्याजवळ, सरकीत चालून जाते.’ ठराव एकमताने मंजूर होतो. कार्यक्रमपत्रिकेत ‘सरकी (समूहनृत्य)’ असे छापून येते, आणि तरुण ते पुरावा म्हणून जपून ठेवतो, कशाचा ते त्यालाही सांगता येत नाही.

प्रत्यक्ष प्रयोगाला सुरुवात झाल्याबरोबर साउंडवाला भाऊ हातातला आलुबोंडा टाकून धावतो. ‘मशीन जयून राह्यली, बाप्पा!’ असे ओरडत तो आधी पिन काढून पुन्हा बसवतो, मग बॉक्सला लाथ घालतो, आणि या दोन्ही क्रियांनी रचनेत जी भर पडते ती तरुणाला इतकी आवडते की तो अंगठा उंचावून ‘चालू द्या’ अशी खूण करतो. साउंडवाला आवाज कमी करतो, तरुण वाढवतो, असे काही काळ चालते. पहिल्या रांगेत प्रमुख पाहुणे संस्थेच्या अध्यक्षांकडे झुकून ‘अजून टेस्टिंगच चालू आहे का?’ असे विचारतात, आणि अध्यक्ष, ज्यांना काही ऐकू आलेले नसते, ‘हो हो, जेवण करूनच जायचं’ असे उत्तर देतात. मागच्या बाजूला एक आजी उठून पदर खोचतात. चक्की सुरू झाली असे त्यांना वाटलेले असते आणि दळण अजून न्यायचे असते. तिसरी-चौथीतली मुले मात्र सुखावतात, कारण इतक्या आवाजात आपण काय बोलतो हे गुरुजींना कळत नाही, हा शोध त्यांना लागलेला असतो.

सर्वांत थक्क करणारी बाब म्हणजे पाचवी ‘ब’चे नृत्य. ज्या ध्वनीला ताल नाही, सम नाही, कडवे नाही, त्यावर त्या बाराजणी एक पाऊल न चुकता नाचतात, वाकून कापूस वेचतात, कपाळावरचा घाम पुसतात, गिरकी घेतात आणि एकदमच थांबतात. समीक्षकाला यात दैवी काही दिसण्याचा संभव आहे, म्हणून खुलासा करणे आवश्यक आहे : शाळेतल्या मुलींनी गाणे ऐकून नाचण्याची प्रथा मुळातच नाही. पडद्याच्या कडेला, प्रेक्षकांना अर्ध्या दिसतील अशा बेताने, बाई स्वतः पदर खोचून पूर्ण नाच नाचत असतात, आणि मुलींचे डोळे पहिल्यापासून शेवटपर्यंत बाईंवर खिळलेले असतात. बॉक्समधून कोळीगीत निघो, जिनिंग निघो किंवा बजेटचे भाषण निघो, बाईंचा हात वर गेला की बारा हात वर जातात. किंबहुना त्या रात्री बाईंची मान प्रेक्षकांना दिसली असती, तर डावीकडून दुसऱ्या पोरीची मान का अवघडली आहे, हेही कळले असते.

सातव्या मिनिटाला वीज जाते. केजने १९५२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉक येथे चार मिनिटे तेहतीस सेकंद काहीही न वाजवण्याची रचना सादर करवली होती. पियानोवादकाने तीन भागांत पियानोचे झाकण फक्त लावले आणि उघडले, आणि सभागृहात जे काही ऐकू आले तेच संगीत. वऱ्हाडात झाकण लावण्याचे काम बाहेरून होते. अंधारात शिट्या, ‘लाइन गेली गा’, एका बाळाचे रडणे, जनरेटरची दोरी ओढण्याचे चार खेचके आणि प्रत्येक खेचक्यानंतर एक अस्सल वऱ्हाडी शिवी, जी शिक्षकवर्ग खोकून झाकतो, असा मजकूर ऐकू येतो. मग दिवे लागतात आणि वीज परत आल्यावर या भागात लहानथोर जो करतात तो ‘आलीऽऽऽ’ असा एकमुखी गजर टाळ्यांसकट होतो. तरुण पुढे येऊन कमरेत वाकून तो स्वीकारतो.

गर्दीतून रचनेचे खरे परीक्षण करणारा एकच माणूस निघतो. हा जिनिंगमध्ये फिटर असतो, पोराला नेण्यासाठी ड्यूटीवरून थेट आलेला असतो, आणि बारा मिनिटांपैकी जेवढी वाजली तेवढी त्याने मान कलती करून ऐकलेली असते.

‘थो जिन कोनाचा हाये?’ तो तरुणाला बाजूला घेऊन विचारतो.

‘का हो काका, आवडलं?’

‘आवडाचं काय हाये त्याच्यात! तिसऱ्या मशीनची बेरिंग गेली हाये. मालकाले सांगजा, आठ दिवसांत बसते बंद.’

ताणून, कापून आणि उलटा करून ठेवलेल्या आवाजातून तिसरे यंत्र ओळखू येणे, हे कुठल्याही संगीतसमीक्षेच्या आवाक्याबाहेरचे आहे, परंतु तरुणाच्या चेहऱ्यावर त्या क्षणी पुरस्कार गेल्याचा भाव असतो. समारंभाच्या अखेरीस आभार मानताना सर रंगरंगोटीवाल्यापासून पाणी देणाऱ्या मुलांपर्यंत सर्वांची नावे घेतात, पाचवी ‘ब’च्या नृत्याचे खास कौतुक करतात आणि ‘मधल्या काळात मशीनमध्ये झालेल्या बिघाडाबद्दल’ संस्थेच्या वतीने दिलगिरी व्यक्त करतात. बिघाड हा शब्द इकोमुळे चार वेळा ऐकू येतो.

गाद्या गोळा होत असताना साउंडवाला भाऊ वायरीची गुंडाळी खांद्यावर टाकून तरुणाजवळ येतो. तो भांडायला आला असावा असे वाटते, पण त्याचा सूर नरम असतो. ‘भाऊ, हे मघाचं पेनड्राइव्हमधी टाकून देता काय? सीझनमधी लय कामी येईन.’

‘तुम्हाला खरंच ऐकायचंय?’

‘ऐकाचं नाही हो. लग्नात पयली पंगत जेवून झाली तरी उठत नाही न, दुसरी उभीच राह्यते. हे लावलं का उठन.’

पेनड्राइव्ह लगेच भरून दिला जातो, आणि मोबदला म्हणून बॉक्सला घातलेल्या लाथेची भरपाई बिलातून वजा होते.